किमती घड्याळ, शंभराचा सेल

घरातले सगळ्यात चांगले घड्याळ मनगटावर क्वचितच असते. ते कपाटात असते. आखातात कामाला गेलेल्या भावाने आणलेले रॅडो, निवृत्तीच्या दिवशी वडिलांना खात्याने दिलेले सोनेरी टायटन, लग्नात जावयाला घातलेले टिसॉट. मखमली डबीत, साड्यांच्या घडीखाली ते जपून ठेवलेले असते. एखाद्या लग्नकार्याला बाहेर काढावे तर काटे थांबलेले. मग "सेल गेला असेल, बघू नंतर" असे म्हणून ते पुन्हा डबीत जाते आणि दोन-चार वर्षे तिथेच पडून राहते.

घड्याळाचा घात होतो तो याच दोन-चार वर्षांत. सेल म्हणजे पोलादाची एक इवलीशी डबी. तिच्या आत रसायने आणि दाहक क्षाराचे द्रावण असते. डबीच्या तोंडाशी प्लास्टिकची बारीक कडी असते, ती हे द्रावण आत धरून ठेवते. सेल पूर्ण संपला आणि तसाच आत राहिला की कधी ना कधी ही कडी दगा देते. क्षार पाझरतो, त्याची पांढरी-हिरवी भुकटी जमते, सेलखालची तांब्याची पट्टी खाल्ली जाते. पुढे तो घड्याळाच्या विद्युत-पट्टीपर्यंत आणि तारेच्या वेटोळ्यापर्यंत पोहोचला की नवा सेल घालूनही काटा हलत नाही. मग दुकानदार सांगतो, "मशीन बदलावे लागेल." शंभर रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या सेलची टाळाटाळ केली म्हणून काही हजारांचा खर्च समोर उभा राहतो आणि बहुतेक घरांत तिथेच त्या घड्याळाचा शेवट होतो.

चावी बाहेर ओढून ठेवली की सेल वाचतो, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. चावी ओढल्याने काटे थांबतात, वीज कमी खर्च होते. पण सेल आतच असतो आणि जुना झाला की पाझरायचा तो पाझरतोच.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, काम दोन प्रकारचे आहे. संपलेला सेल वेळेवर बाहेर काढणे हे पहिले, आणि योग्य तोच नवा सेल नीट बसवणे हे दुसरे. या दोन्ही गोष्टी बऱ्याच घड्याळांत घरी करता येतात. ज्यांच्या हाताला शिलाई मशीनची, रेडिओची, वायरिंगच्या कामाची सवय आहे त्यांना तर नक्कीच येतात. पण कोणते घड्याळ उघडावे आणि कोणत्याला हात लावू नये, हे आधी कळले पाहिजे. नाहीतर कौतुकाने आणलेली वस्तू आपल्याच हाताने बिघडायची.

काटा चालतो कसा?

क्वार्ट्झ म्हणजे गारेचा स्फटिक. या स्फटिकावर दाब दिला की त्यात वीज उत्पन्न होते, हे १८८० साली फ्रान्समध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिले. उलट बाजूने, त्याला वीज दिली की तो एका ठराविक गतीने थरथरतो. घड्याळातला स्फटिक इंग्रजी यू अक्षरासारखा कापलेला असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो मुद्दाम निवडलेला आहे. ३२,७६८ ला दोनाने भागा, येईल त्याला पुन्हा दोनाने भागा, असे पंधरा वेळा केले की बरोबर एक उरतो. आतली इलेक्ट्रॉनिक चकती हेच करते आणि दर सेकंदाला विजेचा एक ठोका सोडते. तो ठोका तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात जातो, वेटोळ्याजवळचे कणभर चुंबक अर्धा फेरा फिरते, आणि दातेरी चाकांमधून सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. एवढ्या सगळ्या उठाठेवीला वीज लागते ती अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाएवढी, फार तर त्याच्या दुप्पट. म्हणून मुगाच्या डाळीपेक्षा थोडा मोठा सेल दोन-तीन वर्षे पुरतो.

पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीला आले. सेको कंपनीचे अ‍ॅस्ट्रॉन. सोन्याच्या कवचातले, किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका छोट्या मोटारगाडीएवढी. आज फुटपाथवर मिळणारे क्वार्ट्झ जन्मले ते असे श्रीमंताघरी. पुढे ते स्वस्त झाले आणि स्वित्झर्लंडच्या चावीच्या घड्याळांचा धंदा कोसळला. तिथल्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास कामगार होते, ते १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीस-पस्तीस हजारांवर आले. गिरणगाव पाहिलेल्या वाचकांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपल्याकडेही १९६१ पासून बंगळूरला सिटिझन कंपनीच्या मदतीने चावीची घड्याळे करणारी सरकारी एचएमटी आणि १९८४ साली स्थापन झालेली, क्वार्ट्झवर भर देणारी टायटन यांची अशीच गाठ पडली. एचएमटीचा घड्याळांचा विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला.

स्विस कंपन्यांनीही शेवटी क्वार्ट्झ स्वीकारले. रोलेक्सनेसुद्धा १९७७ मध्ये आपले ऑयस्टरक्वार्ट्झ काढले. आता यातली गंमत पाहा. एटा नावाची एक स्विस कंपनी आहे. टिसॉट, लाँजिन्स, रॅडो, ओमेगा अशा अनेक नावांच्या घड्याळांत तिची क्वार्ट्झ यंत्रे बसवलेली असतात. तिच्या ९५५ मालिकेतल्या यंत्राला ३७१ क्रमांकाचा सेल लागतो. तोच ३७१ क्रमांकाचा सेल साध्या घड्याळांतही जातो. म्हणजे घड्याळ दहा हजारांचे असो की लाखाचे, सेल तोच आणि भावही तोच. "भारी घड्याळ आहे, भारी सेल लागेल" असे कोणी म्हणाले तर नम्रपणे सेलचा क्रमांक विचारावा.

हात कशाला लावू नये?

सर्वांत आधी हे पाहावे की घड्याळात सेल आहे का. वडिलांचे जुने एचएमटी बहुधा चावीचे असते, त्यात सेल नसतोच. तबकडीवर किंवा मागच्या झाकणावर इंग्रजीत क्वार्ट्झ लिहिलेले असेल तरच पुढे जावे.

सिटिझनचे इको-ड्राइव्ह उजेडावर चालते आणि सेकोचे कायनेटिक हाताच्या हालचालीवर. त्यांच्या आत पुन्हा पुन्हा भरणारा वेगळा सेल असतो. त्या जागी बाजारातला साधा सेल कधीही घालू नये. असे घड्याळ बंद पडले असेल तर इको-ड्राइव्ह आधी दोन-तीन दिवस खिडकीच्या उजेडात ठेवून पाहावे आणि कायनेटिक हलवून पाहावे.

हमीच्या मुदतीतले घड्याळ उघडू नये, हमी जाते. तीन छोट्या तबकड्या आणि दोन बटणे असलेले क्रोनोग्राफ नवशिक्याने उघडू नये. सेल बदलल्यावर त्यांचे छोटे काटे पुन्हा शून्यावर आणावे लागतात आणि काहींमध्ये आतल्या एका ठराविक टोकाला सेलशी क्षणभर जोडून यंत्र जागे करावे लागते. टायटन एजसारखे अगदी पातळ घड्याळ, ज्याचे यंत्र जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या आतले आहे, तेही दुकानातच द्यावे. त्याच्या झाकणावर अंगठ्याचा जोर जरा तिरका पडला तरी नुकसान होते. रॅडोची सिरॅमिकची घड्याळे चरे पडू देत नाहीत, पण ती काचेसारखीच ठिसूळ असतात. फरशीवर पडली किंवा त्यांच्यावर चुकीच्या जागी जोर पडला तर तडकतात. आणि ज्या घड्याळाने कोणी पोहणार असेल ते घरी उघडू नये. त्याचे कारण पुढे येईल.

उरली ती साधी तीन काट्यांची किंवा दोन काट्यांची घड्याळे. ती घरी करण्याजोगी आहेत. तरीही पहिला हात किमती घड्याळावर मारू नये. घरात एखादे शंभर-दोनशेचे बंद घड्याळ असतेच. ते चार वेळा उघडावे, सेल काढावा, घालावा, बंद करावे. हात बसला की मग डबीतले काढावे.

आणि सेलला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. चावी पूर्ण आत दाबलेली आहे ना? अनेकदा तारीख बदलताना ती अर्धी बाहेर राहते आणि आपण "सेल गेला" म्हणून मोकळे होतो. दुसरे, घड्याळ स्पीकरजवळ किंवा चुंबकाची टिचकी असलेल्या पर्समध्ये ठेवले होते का? चुंबकाजवळ काटा थांबतो आणि दूर नेल्यावर बहुधा आपोआप चालू लागतो. उलट, सेकंदकाटा एकेक सेकंद न चालता दोन, चार किंवा पाच सेकंदांची उडी मारत असेल तर ते दुखणे नव्हे. सेल संपत आल्याची ती सूचना आहे, अनेक चांगल्या घड्याळांत तशी सोय केलेली असते. सूचना मिळाल्यावर काही दिवस हाती असतात. सेकंदकाटा नसलेल्या घड्याळात ही सूचना दिसतच नाही, म्हणून तिथे सेल कधी घातला त्याची नोंद जास्त महत्त्वाची.

उघडण्याचे काम

पंखा बंद करावा. हे वाक्य हसण्यावारी नेऊ नये. पंख्याखाली धूळ उडते आणि धुळीचा एक कण दातेरी चाकात अडकला तर घड्याळ थांबते. उजेड भरपूर हवा. काठ असलेल्या थाळीत किंवा परातीत स्वच्छ पांढरा सुती कपडा अंथरून त्यावर काम करावे, म्हणजे सुटलेला स्क्रू जमिनीवर जात नाही. पावसाळ्यातल्या कोंदट दिवशी झाकण उघडू नये. आत शिरलेली दमट हवा पुढे थंडीत काचेच्या आतल्या बाजूवर वाफ धरते.

उघडण्याआधी घड्याळ बाहेरून साफ करावे. रोज वापरलेल्या घड्याळाच्या झाकणाभोवती घाम, साबण आणि मळ यांची काळी कड जमलेली असते. झाकण निघताच ती थेट आत पडते. दात कोरायची काडी आणि जुना मऊ ब्रश घेऊन ती कोरडीच काढावी. पट्टा काढता आला तर काढून ठेवावा.

झाकणे तीन तऱ्हांची असतात. पहिले दाबून बसवलेले. त्याच्या कडेला नीट पाहिले, भिंगातून पाहिले तर उत्तम, की एका जागी बारीकशी खाच किंवा ओठ दिसतो. तिथे झाकण उघडायची बोथट सुरी लावून जरासा पीळ द्यायचा. ही सुरी घड्याळाचे सामान विकणाऱ्यांकडे स्वस्तात मिळते. भाजीची सुरी किंवा ब्लेड वापरू नये. ते निसटले तर झाकणावर चरा उमटतो, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यात घुसते ते वेगळेच. झाकणाच्या बाजूच्या चकचकीत भागावर आधीच चिकटपट्टी लावून ठेवली की चरा टळतो.

दुसरे, चार बारीक स्क्रूंचे झाकण. यासाठी घड्याळाचाच पेचकस हवा आणि त्याचे टोक स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसायला हवे. सैल टोकाने फिरवले की खाच झिजते, मग तो स्क्रू कोणाकडूनच निघत नाही. चारही स्क्रू ज्या जागचे त्या जागीच परत जातील अशा बेताने ओळीत ठेवावेत.

तिसरे, आट्यांचे झाकण. त्याच्या कडेला सहा-आठ खाचा असतात. दुकानात त्यासाठी तीन पायांचा पाना असतो. घरी मुलांचा मऊ रबरी चेंडू घ्यावा, तो झाकणावर घट्ट दाबावा आणि घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवावा. बेताने आवळलेले झाकण यानेच सुटते. न सुटले तर तिथेच थांबावे. पक्कड, कैची, खिळा यांनी उघडलेली किमती घड्याळे घड्याळजींच्या टेबलावर रोज येतात, त्यांच्या झाकणावर त्या प्रयत्नाची सही कायमची राहिलेली असते.

झाकण निघाल्यावर हात आवरावा आणि आधी नुसते पाहावे. मोबाइलने एक फोटो काढावा. झाकणाच्या काठाशी काळी रबरी रिंग असते ती हरवू नये, ताणू नये. यंत्रात एका बाजूला तांबूस रंगाचे तारेचे वेटोळे दिसेल. ती तार केसापेक्षा बारीक असते. पेचकसाचा नुसता स्पर्श होऊन ती तुटते, आणि ती तुटली की खेळ संपला. त्या बाजूला हत्यार न्यायचेच नाही. चावीच्या दांडीजवळ एक बारीक टिकली किंवा खळगा असतो, तोही दाबू नये, चावी दांडीसकट हातात येते.

इथे कधी कधी एक कटू सत्य बाहेर येते. तबकडीवर मोठे स्विस नाव, आणि आत मात्र पांढऱ्या प्लास्टिकच्या कड्यात बसवलेले, कसलेही नाव नसलेले हलके यंत्र. रॅडोच्या नावाने खोटी घड्याळे आपल्याकडे वर्षानुवर्षे विकली गेली आहेत. आणणारा स्वतःच फसलेला असतो, त्याने प्रेमानेच आणलेले असते. सेल घालावा, झाकण लावावे आणि चारचौघांत विषय काढू नये, असे माझे मत आहे. वेळ तेही बरोबर दाखवते.

सेलची निवड

जुन्या सेलच्या पाठीवर क्रमांक कोरलेला असतो. इंग्रजी एसआर अक्षरांपुढे आकडे आणि शेवटी एसडब्ल्यू, अशी त्याची रचना. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचा सेल. आकड्यांत त्याचा आकार दडलेला असतो. ६२६ म्हणजे ६.८ मिलिमीटर रुंद आणि २.६ जाड. ६२१ तेवढाच रुंद पण २.१ जाड. ९२० म्हणजे साडेनऊ रुंद. एसडब्ल्यू म्हणजे थोड्या विजेवर चालणाऱ्या काट्यांच्या घड्याळासाठीचा. याच सेलांना तीन आकडी क्रमांकही असतात: ६२६ ला ३७७, ९२० ला ३७१, ६२१ ला ३६४. दोन्हींपैकी कोणताही सांगितला तरी चालतो. जुना सेल कागदात गुंडाळून दुकानात नेला तर सगळ्यात बरे.

आता फसगत होते ती इथे. त्याच आकाराचा अल्कलाइन सेलही मिळतो. त्याच्या क्रमांकाची सुरुवात एलआर किंवा एजी अशी असते, ६२६ च्या मापाचा तो एजी ४. दिसायला सारखाच, किमतीला फारच स्वस्त. सिल्व्हर सेलचा दाब १.५५ व्होल्ट असतो आणि तो शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो. अल्कलाइनचा दीड व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो, त्यामुळे घड्याळ लवकर थांबते, आणि पाझरण्याची खोडही त्यालाच जास्त. खेळण्यात तो ठीक आहे. "सहा महिन्यांत सेल गेला, घड्याळच खराब" असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा आत एजीचा सेल असतो. म्हणून दुकानात स्पष्ट शब्दांत सांगावे, "सिल्व्हर ऑक्साइडचा द्या, पाकीटबंद द्या," आणि बसवण्यापूर्वी क्रमांक स्वतः वाचावा. हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

सेल काढताना तो एखाद्या पट्टीखाली आहे, स्प्रिंगमध्ये आहे की स्क्रूने धरलेला आहे ते पाहावे. प्लास्टिकच्या चिमट्याने किंवा टोकदार बांबूच्या काडीने उचलावा. लोखंडी चिमट्याने सेलच्या दोन्ही बाजू एकदम धरल्या की वीज तिथल्या तिथे वाहून जाते, नवा सेल बसायच्या आधीच अर्धमेला होतो. बोटांनीही धरू नये, घामाचा थर राहतो. पाझरल्याची पांढरी भुकटी दिसली तर कापसाच्या अगदी बारीक बोळ्याला व्हिनेगरचा नुसता ओलावा लावून फक्त धातूच्या पट्टीवरून फिरवावा, मग कोरड्या बोळ्याने पुसावे. भुकटी वेटोळ्यापर्यंत गेलेली असेल तर घरचा उपाय थांबवून घड्याळ जाणकाराकडे द्यावे.

नवा सेल बहुतेक काट्यांच्या घड्याळांत अक्षरांची बाजू आपल्याकडे ठेवून बसतो. तरी आधी काढलेला फोटो पाहावा. सेल बसला, चावी आत असली, की काही क्षणांत काटा चालू लागतो. तो चालल्याशिवाय झाकण लावू नये.

न चालला तर? घरात मल्टिमीटर असेल तर सेल तपासावा. १.५५ च्या आसपास दाखवत असेल तर दोष सेलचा नाही. तारेचे वेटोळे तुटले असेल किंवा तेल सुकले असेल. क्वार्ट्झला सर्व्हिसिंग लागत नाही अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. त्यातही चाके आहेत, त्यांच्या टोकांना तेलाचे सूक्ष्म थेंब आहेत, आणि दहा-पंधरा वर्षांत ते सुकतात. तेल सुकलेल्या यंत्राला पुष्कळदा वीज जास्त लागते, म्हणून चांगला सिल्व्हर सेल घालूनही तो वर्षभरातच संपू लागला तर सर्व्हिसिंगची वेळ आली असे धरावे. ते काम घरचे नाही. यंत्र सुटे करून, धुऊन, सुईच्या टोकाने तेल द्यावे लागते. घरचे शिवणयंत्राचे तेल किंवा खोबरेल आत सोडणे म्हणजे घड्याळाचा खून आहे. साध्या घड्याळात मियोटा २०३५ सारखे स्वस्त यंत्रच बदलून मिळते आणि ते परवडते. किमती स्विस घड्याळात यंत्र बदलायचे की दुरुस्त करायचे, हे खर्च लेखी विचारून ठरवावे.

झाकण लावताना रबरी रिंग तिच्या खोबणीत सगळीकडून बसली आहे ना हे पाहावे. तिला सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे, व्हॅसलिन लावू नये. काही रबर त्याने फुगते. रिंग चपटी किंवा कडक झाली असेल तर बदलावी. दाबाच्या झाकणाला आतून एक खाच असते, ती चावीच्या दांडीवर यायला हवी. काच खाली, तिच्याखाली घडी केलेला मऊ कपडा, आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाब. टक असा आवाज आला की बसले. नाही बसले तर हातोडी, पक्कड, दाराच्या फटीत धरणे असले प्रकार करू नयेत, काच फुटते. डबीत घालून घड्याळजीकडे न्यावे, त्याच्याकडे दाबयंत्र असते. काम क्षणाचे आहे.

आणि घरी उघडलेले घड्याळ त्यानंतर पाण्यापासून सुरक्षित नाही असेच समजावे. झाकणावर ३० मीटर लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे आणि हात धुणे एवढाच असतो, आणि तोही रिंग नवी असताना. पोहण्याच्या घड्याळाची झाकण लावल्यावर हवेच्या दाबाखाली चाचणी करावी लागते, त्याचे यंत्र दुकानातच असते.

एक गोष्ट आया-बहिणींनी विशेष लक्षात ठेवावी. काढलेला सेल टेबलावर एक क्षणही सोडू नये. लहान मूल तो गोळीसारखा तोंडात टाकते. अन्ननलिकेत अडकलेला सेल ओल्या जागी वीज सोडतो, त्यातून तिथेच क्षार तयार होतो आणि दोन तासांतसुद्धा आतला भाग भाजून निघू शकतो. रिमोटमध्ये आणि वजनकाट्यात असतो तो रुपयाएवढा लिथियमचा सेल सर्वांत धोक्याचा, पण घड्याळाचा लहान सेलही निर्धोक नाही. नाकात-कानात घातलेला सेलही तसाच भाजतो. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढू नये, सकाळची वाट पाहू नये. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे आणि सेलचे पाकीट सोबत न्यावे.

जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावरच्या डब्यात टाकावा आणि चार-सहा साठले की ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घरच्या ओल्या कचऱ्यात किंवा चुलीत ते कधीही टाकू नयेत.

ज्यांना हे काही घरी करायचे नाही त्यांनी निदान घड्याळजीसमोर बसून काम करून घ्यावे. रस्त्याच्या कडेला काचेच्या छोट्या पेटीमागे बसणारा, डोळ्याला भिंग लावलेला माणूस हे काम तुमच्या-आमच्यापेक्षा सफाईने करतो. चार पैसे त्याला जाण्यात गैर काही नाही. फक्त क्रमांक विचारावा आणि जुना सेल परत मागावा.

बसवल्याची तारीख आणि सेलचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती डबीत ठेवावी. आणि घड्याळ वर्षभर कोणी घालणारच नसेल तर नवा सेल घालूच नये. जुना काढावा, झाकण नीट लावावे, चिठ्ठीवर "आत सेल नाही, ३७१ लागतो" असे लिहावे. मुलाच्या किंवा नातवाच्या हाती ती डबी लागेल तेव्हा त्याला काय आणायचे ते कळेल.